सालदारकी नव्हे, उक्ते काम : खान्देशातील वेब व्यावसायिकांच्या शिक्षणाची आणि साधनांची पार्श्वभूमी

खान्देशात कामाचे तीन प्रकार पूर्वीपासून सर्वांना ठाऊक आहेत. आखाजीला ठरणारी आणि पुढच्या आखाजीला संपणारी सालदारकी, दिवसावर चालणारा रोज, आणि काम मोजून पैसे घेण्याचे उक्ते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत आज जे तरुण घरी बसून कुणा सराफाचे, केळीच्या व्यापाऱ्याचे, शाळेचे किंवा परदेशातील एखाद्या दंतवैद्याचे संकेतस्थळ बनवून देतात, त्यांना इंग्रजीत फ्रीलान्सर म्हणतात. प्रत्यक्षात ते उक्ते काम करणारेच आहेत. शेतातला उक्तेवाला स्वतःचा विळा घेऊन येतो, तसा हा माणूस स्वतःची अवजारे घेऊन येतो आणि ती चालवण्याचे शिक्षणही त्याला पदरमोड करूनच घ्यावे लागते. हे शिक्षण आणि ही अवजारे खान्देशापर्यंत कशी पोचली, त्याचा हा मागोवा आहे.

या व्यवसायाची जवळजवळ सगळी मूळ साधने एकाच वर्षी जन्मली. टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना १९८९ मध्ये मांडली असली, तरी पीएचपी ही भाषा, मायएसक्यूएल हा विदासंच (डेटाबेस), पाने वाचकापर्यंत पोचवणारा अपाची हा सर्व्हर आणि ब्रेंडन आइक यांनी अवघ्या दहा दिवसांत पहिला आराखडा उभा केलेली जावास्क्रिप्ट, ही सर्व १९९५ ची. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. मात्र ते मोठ्या शहरांपुरते होते, आणि खाजगी कंपन्यांना ही सेवा देण्याची वाट १९९८ च्या धोरणाने मोकळी झाली. नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला तोही १९९८ मध्येच. म्हणजे वेब नावाचा व्यवसाय जगात रुळला, तेव्हा खान्देशात त्याचे नावही फारसे कुणाला माहीत नव्हते.

शिक्षणसंस्था नव्हत्या असे मात्र नाही. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये आणि जळगावचे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जे आता कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते, १९९० मध्ये स्थापन झाले. बांभोरीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्याआधीचे आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाली, एमएस-सीआयटी आली आणि तालुक्याच्या गावोगावी संगणक केंद्रांच्या पाट्या लागल्या. त्या अभ्यासक्रमाने हजारो हातांची माऊसची भीती घालवली, हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. परंतु त्यात प्रमाणपत्राचे महत्त्व मोठे होते, कारण अनेक सरकारी पदांसाठी ते आवश्यक होते. संकेतस्थळ बनवून त्यावर पोट भरता येईल, असे तेथे कुणी सांगत नव्हते. महाविद्यालयात सी आणि सी++ शिकवले जाई, आणि वेबचे शिक्षण ज्याला हवे त्याने बाहेरून गोळा करावे, अशी स्थिती होती.

हे ‘बाहेरून’ म्हणजे नेमके कुठून? जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी मिळणाऱ्या सीड्यांतून, ‘डिजिट’सारख्या मासिकासोबत येणाऱ्या चकतीतून, आणि सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून जतन केलेल्या पानांतून. नॉर्वेतील एका लहान कंपनीने १९९८ मध्ये सुरू केलेले डब्ल्यूथ्री-स्कूल्स हे त्या काळातील खरे पाठ्यपुस्तक होते. त्याची पाने एकेक करून फ्लॉपीत भरायची, घरी नेऊन उघडायची, आणि दुवा दाबला की पुढचे पान आणायचे राहिले हे कळायचे. कॅनॉनिकल ही कंपनी २००५ पासून २०११ पर्यंत उबुंटू लिनक्स या विंडोजच्या जागी चालणाऱ्या मुक्त प्रणालीच्या सीड्या मागेल त्याला टपालाने फुकट पाठवत असे. पोस्टमनने परदेशी पाकीट आणले की घरच्यांना मुलाची परदेशात निवड झाल्यासारखे वाटे, आणि आत निघत असे एक चकती व काही स्टिकर. आजच्या हिशेबाने ही गोष्ट किरकोळ वाटेल, पण पैसे न देता आणि चोरीही न करता सॉफ्टवेअर मिळू शकते, ही कल्पना अनेकांना त्या पाकिटातूनच प्रथम समजली.

ऑक्टोबर २००४ मध्ये केंद्राचे ब्रॉडबँड धोरण आले. त्यात किमान वेग २५६ केबीपीएस ठरला होता. पाठोपाठ २००५ मध्ये बीएसएनएलची डेटावन सेवा सुरू झाली. तिच्या एका लोकप्रिय योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ या वेळेतील वापर मोजला जात नसे, आणि खान्देशातील एका पिढीच्या स्वयंशिक्षणाचे वेळापत्रक या एका अटीने ठरवले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. दोनचा गजर लावून उठायचे, डाउनलोड लावायचे आणि पुन्हा झोपायचे. त्यात भारनियमनाची पाळी रात्रीची असेल तर सकाळी अर्धवट फाइल हाती येई. दिवसा काम करायचे ते इंटरनेटशिवाय, आणि ते शक्य झाले एक्झॅम्प या संचामुळे. अपाची, मायएसक्यूएल आणि पीएचपी एकाच वेळी स्वतःच्या संगणकावर बसवून देणारा हा संच २००२ चा. त्याच्या एचटीडॉक्स या फोल्डरमध्ये फाइल टाकली आणि ब्राउझरच्या पट्टीत ‘लोकलहोस्ट’ लिहिले की घरातल्या घरात संकेतस्थळ चालू लागे. वीज गेली की यूपीएस शिट्टी वाजवू लागे, आणि हातात उरलेल्या दहा-पंधरा मिनिटांत फाइल जतन करणे, विदासंचाची प्रत काढणे आणि संगणक नीट बंद करणे ही तीन कामे त्याच क्रमाने करायची, हे कुठल्याही अभ्यासक्रमात नसलेले शिक्षण येथे सर्वांनी एकेकदा काम गमावून घेतले.

२७ मे २००३ रोजी मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी संकेतस्थळे बनवण्याच्या वर्डप्रेस या प्रणालीची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. बंद पडत चाललेल्या बीटू नावाच्या एका मुक्त प्रणालीवरून ते उभे राहिले होते आणि जीपीएल परवान्यामुळे कुणालाही ते वापरण्याची, बदलण्याची आणि त्यावर धंदा करण्याची मुभा होती. आज जगातील साधारण चाळीस टक्के संकेतस्थळे त्यावर चालतात. मोठ्या शहरातील कंपन्यांना त्याची गरज तितकीशी नव्हती, कारण त्यांच्याकडे माणसे होती. ज्याच्याकडे एक संगणक आणि एक डोके एवढेच भांडवल होते, त्याला मात्र ग्राहकाला स्वतःच मजकूर बदलता येईल असे संकेतस्थळ आठवडाभरात देणे प्रथमच शक्य झाले. चोपडा किंवा शहादा येथे बसून उक्ते काम घेण्याची आर्थिक बाजू जुळली ती येथे, असे माझे मत आहे.

मराठीचा प्रश्न मात्र तसाच राहिला, आणि तो थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे. व्यापारी आपला मजकूर देत असे तो डीटीपीवाल्याकडून, आणि डीटीपी चालत असे श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमवर. या प्रणालींत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत आणि प्रत्येक कंपनीची बसवण्याची पद्धत निराळी असे. त्यामुळे पत्रकावर सुबक दिसणारा मजकूर संकेतस्थळावर चिकटवला की रोमन अक्षरे, टक्क्याची चिन्हे आणि कंस यांचा ढीग दिसे. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना समान असलेल्या अक्षरसंकेतात, रूपांतर करावे तरी गोम होती. ‘मिरची मार्केट’ हे नंदुरबारच्या पत्रकातले साधे दोन शब्द घ्या. जुन्या फाँटमध्ये ‘मि’ची वेलांटी म च्या आधी टंकलेली असते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते, युनिकोडमध्ये ती म नंतर साठवली जाते. ‘मार्केट’मधला रफार जुन्या पद्धतीत ‘के’ झाल्यावर येतो, तर युनिकोडमध्ये र आणि हलन्त हे क च्या आधी. रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीला हे पुढेमागे करणे जमले नाही, की वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते आणि ग्राहकाचा फोन येतो.

त्यातच विंडोज एक्सपीवर देवनागरी दिसण्यासाठी एक पर्याय चालू करावा लागे आणि त्यासाठी संगणक मूळ सीडी मागे, जी बहुतेकांकडे नसे. ‘ॲ’ या अक्षराला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ च्या ५.१ आवृत्तीत मिळाली. तोपर्यंत अ वर चंद्र देऊन काम भागवले जात असे. खान्देशात ‘ॲग्रो’ हा शब्द नसलेली दुकानाची पाटी शोधावी लागते, हे लक्षात घेतले तर या एका अक्षराचे मोल कळेल. आजही एकाच संकेतस्थळावर दोन्ही पद्धतींचे ‘ॲग्रो’ सापडतात. ते डोळ्यांना सारखे दिसतात आणि शोधपेटीला मात्र वेगळे वाटतात. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे ठेवायची तर पानाची भाषा मराठी असल्याचे संकेतावलीत (कोडमध्ये) नोंदवावे लागते आणि फाँटही तशी सोय असलेला निवडावा लागतो. ही गोष्ट मी स्वतः दहा संकेतस्थळे हिंदी वळणाच्या ‘ल’सह सुपूर्द केल्यानंतर शिकलो.

ऑनलाइन शिक्षणाची औपचारिक बाजू या साऱ्याला समांतर वाढत होती. एमआयटीने आपले अभ्यासक्रम मोफत खुले करण्याची घोषणा २००१ मध्ये केली; सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचा एनपीटीईएल प्रकल्प २००३ चा; कोर्सेरा आणि एडएक्स २०१२ चे; फ्रीकोडकॅम्प २०१४ चे; केंद्र सरकारचे स्वयम २०१७ चे. यांतील विद्यापीठीय व्याख्याने पायाभूत ज्ञानासाठी उत्तम आहेत, पण ग्राहकाचा अर्ज भरला जात नाही आणि ईमेल येत नाही, अशा वेळी माणूस ती उघडत नाही. तो २००८ मध्ये सुरू झालेल्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर जातो किंवा यूट्यूबवर. कामातून प्रश्न, प्रश्नातून शिक्षण हा क्रम येथे कायम राहिला.

या परंपरेत एका प्रकल्पाचा उल्लेख हवा तितका होत नाही. आयआयटी मुंबईत प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअर शिकवतो, साधारण दहा-दहा मिनिटांच्या धड्यांतून. पडदा इंग्रजी, निवेदन मात्र मराठीसह अनेक भारतीय भाषांत. अर्ध्या पडद्यावर धडा आणि उरलेल्या अर्ध्यावर तेच सॉफ्टवेअर उघडून, थांबत-थांबत करून पाहायचे, ही त्याची पद्धत आहे, आणि धडे उतरवून घेतले की इंटरनेटची गरज राहत नाही. निवेदन थोडे कोरडे आहे, हे खरे. पण कळफलकावरचा हात आणि कानावर पडणारी भाषा एकमेकांशी भांडत नाहीत, हा त्याचा मोठा गुण आहे.

साधनांच्या किमतीचा प्रश्न बराच काळ चोरीने सुटत होता, हे लपवण्यात अर्थ नाही. १९९० चे फोटोशॉप आणि संकेतस्थळे बनवण्याचे १९९७ चे ड्रीमवीव्हर विकत घेऊन वापरणारा स्वतंत्र व्यावसायिक त्या काळी विरळाच. २०१३ मध्ये ॲडोबीने नव्या आवृत्त्या कायमच्या विकणे थांबवून मासिक वर्गणी आणली आणि हळूहळू तो मार्ग अरुंद झाला. सुदैवाने तोपर्यंत पर्याय तयार होते: चित्रांसाठी जिम्प आणि इंकस्केप आधीचेच होते, कॅनव्हा २०१३ चे, संकेतावली लिहिण्याचे व्हीएस कोड २०१५ चे, ब्राउझरमध्येच चालणारे आराखड्यांचे फिग्मा २०१६ चे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेले, संकेतावलीतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे गिट तर सुरुवातीपासून मोफत आहे आणि अशा नोंदी ऑनलाइन सांभाळणाऱ्या गिटहबने २०१९ मध्ये खाजगी भांडारेही मोफत केली. जुलै २०१८ मध्ये क्रोम ब्राउझर साध्या एचटीटीपी पत्त्यांपुढे ‘नॉट सिक्युअर’ लिहू लागला तेव्हा ग्राहकांत घबराट पसरली, दुकानाबाहेर कुणी ‘येथे भेसळ होते’ अशी पाटी लावावी तशी. सुरक्षित (एचटीटीपीएस) पत्त्यासाठी लागणारी प्रमाणपत्रे मोफत देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा तेव्हा नसती, तर ती दुरुस्ती अनेकांना परवडली नसती.

पैसे मिळण्याचा इतिहास वेगळाच आहे. काम देणारा आणि करणारा यांची गाठ घालून देणारी दोन संकेतस्थळे, १९९९ चे ईलान्स आणि त्यानंतरचे ओडेस्क, २०१३ मध्ये एकत्र आली आणि २०१५ मध्ये त्यांचे अपवर्क झाले. त्यावर दोन प्रकारचे करार असतात. एक ठरलेल्या रकमेचा, म्हणजे उक्ता. दुसरा तासावरचा, म्हणजे रोज. आणि त्यात दर दहा मिनिटांच्या टप्प्यात पडद्याचे एक छायाचित्र काढले जाते. बांधावर उभा राहणारा मुकादम येथे सॉफ्टवेअरच्या रूपाने हजर असतो, आणि भारनियमनाचा तास त्याच्या हिशेबात बसत नाही. त्याआधीच रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांमुळे मार्च २०११ पासून परदेशातून पैसे मागवण्याच्या पेपाल या सेवेवरून येणाऱ्या निर्यातीच्या रकमेवर एका व्यवहाराला ५०० डॉलरची मर्यादा आली आणि आलेली रक्कम सात दिवसांत बँकेत वळवणे बंधनकारक झाले. ही मर्यादा त्याच वर्षी ३,००० डॉलर झाली. तालुक्याच्या शाखेत ‘पर्पज कोड’, म्हणजे परदेशातून आलेली रक्कम कशासाठीची हे सांगणारा क्रमांक, म्हणजे काय, हे ग्राहकानेच लिपिकाला समजावून सांगायचे, हा अनुभव माझ्यासह अनेकांचा आहे.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सेवांसाठी २० लाखांपर्यंत नोंदणीची सक्ती नव्हती, परंतु परराज्यातील ग्राहक असेल तर ही सूट लागू नव्हती. नंदुरबारहून सुरत आणि रावेरहून बऱ्हाणपूर या पुण्या-मुंबईपेक्षा कितीतरी जवळच्या बाजारपेठा आहेत. कागदावर मात्र त्या परराज्यात मोडतात. ऑक्टोबर २०१७ मध्ये सेवांपुरती ही अट शिथिल होईपर्यंत सुरतेच्या कापड व्यापाऱ्याचे पाच हजारांचे काम घ्यावे की नाही, असा पेच येथे होता.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि रात्री दोनचा गजर इतिहासजमा झाला. २०२० च्या टाळेबंदीत पडद्यावर शिकणे घरोघरी पोचले, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून संकेतावली लिहून घेणे हेही फुकटात होऊ लागले आहे. त्याला ‘मिरची मार्केट’चे जुन्या फाँटमधले पत्रक अलीकडेच देऊन पाहिले. ‘मिरची’ बरोबर आली. रफार ‘के’वरून घसरून ‘ट’वर बसला होता, तो हातानेच उचलून जागेवर ठेवला.