उबुंटू अपग्रेडनंतर स्क्रीन काळी पडली तर

एन्व्हिडिया कार्ड असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी

उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेलात किंवा नेहमीचं अपडेट घेतलंत, मशीन रिस्टार्ट झालं, लोगो आला आणि पुढे नुसती काळी स्क्रीन. असे फोन आम्हाला सतत येतात. अशा वेळी बहुतेकदा कार्ड जळालेलं नसतं, डिस्क गेलेली नसते आणि तुमच्या फायली जिथल्या तिथे असतात. नव्या कर्नलला (उबुंटूच्या गाभ्याला) जुळणारा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, मिळालेला नसतो, इतकंच. म्हणून कुणीही सांगितलं तरी मशीन फॉरमॅट करू नका.

हे काम फोनवर बोलताबोलता निपटतं. पण मधल्या वेळात एन्व्हिडियाच्या वेबसाइटवरून ड्रायव्हर बसवणारी डॉट रन फाइल उतरवून बसवली असेल, तर तेच काम लांबतं आणि मशीन दुकानात आणावं लागतं. हे पत्रक मुख्यतः त्या फाइलसाठी आहे.

कमांड इथे छापलेल्या नाहीत. त्या अक्षर न् अक्षर तशाच टाइप कराव्या लागतात, म्हणून मशीनसोबत दिलेल्या पिवळ्या कार्डावर क्रमांक घालून दिल्या आहेत. कार्ड हरवलं असेल तर दुकानातून दुसरं घ्या, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवा.

आधी नेमकं काय झालंय ते बघा

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की मदरबोर्डच्या पोर्टमध्ये, हे सगळ्यात आधी तपासा. साफसफाईत ती कुणीतरी काढून चुकीच्या जागी लावलेली असते आणि दोष अपग्रेडवर येतो.

केबल ठीक असेल तर काळ्या स्क्रीनवर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ एकदम दाबा. अक्षरांचा लॉगिन दिसला तर मशीन व्यवस्थित चालू आहे, फक्त चित्र दाखवणारा भाग उठलेला नाही. लॉगिन करा आणि कमांड १ चालवा. तिच्या उत्तरात कार्डाचं नाव आणि ड्रायव्हरचा आकडा आला तर ड्रायव्हर शाबूत आहे आणि अडचण दुसरीकडे आहे. ड्रायव्हरशी संपर्क झाला नाही असा संदेश आला तर कमांड २ चालवा. कार्ड सध्या कुणाच्या ताब्यात आहे ते ती सांगते: एन्व्हिडियाच्या, नोव्होच्या की कुणाच्याच नाही. नोव्हो हा कर्नलसोबत येणारा मुक्त ड्रायव्हर.

कमांड १ ने ‘ड्रायव्हर लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ असं सांगितलं तर घाबरू नका. पाठीमागे आपोआप अपडेट झालं, लायब्ररी नवी आली आणि मेमरीत मात्र जुनाच ड्रायव्हर चालू राहिला, असा त्याचा अर्थ. मशीन पूर्ण रिस्टार्ट करा. नुसतं सस्पेंड करून उठवल्याने हे जात नाही.

डेस्कटॉप येतो, पण अक्षरं मोठी दिसतात, दुसरा मॉनिटर लागत नाही आणि ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्राममध्ये कार्डाचं नावच नाही, असंही होतं. सेटिंग्जमध्ये मशीनची माहिती उघडा. ग्राफिक्ससमोर ‘एलएलव्हीएमपाइप’ लिहिलेलं असेल तर सगळं चित्र प्रोसेसर काढतोय आणि कार्ड रिकामं बसलंय. उपाय तोच, ड्रायव्हर नीट बसवणं.

अक्षरांचा लॉगिनही आला नाही तर मशीन सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे कोणता कर्नल सुरू करायचा ते निवडायचा, मेनू आणा आणि ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. फक्त कर्नल बदलणारं अपडेट असेल तर बहुतेकदा फरक पडतो. पूर्ण आवृत्ती बदलली असेल तर जुन्या कर्नलचा फारसा उपयोग होत नाही, कारण बाकीची सिस्टम नवी झालेली असते. तेव्हा त्याच मेनूतला रिकव्हरी मोड घ्या.

डॉट रन फाइल का नको

एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरचे दोन भाग असतात. एक कर्नलच्या आत चालणारं मॉड्यूल, दुसरा ब्लेंडरसारखे प्रोग्राम वापरतात त्या लायब्ररी. दोन्हींचा आवृत्ती क्रमांक तंतोतंत एक असावा लागतो. शिवाय मॉड्यूल त्या-त्या कर्नलसाठीच तयार झालेलं असावं लागतं. कर्नल बदलला की मॉड्यूलही नवं हवं.

उबुंटूच्या अधिकृत सॉफ्टवेअर भांडारातून ड्रायव्हर घेतला की ही जुळणी उबुंटूची सॉफ्टवेअर बसवणारी पॅकेज व्यवस्था सांभाळते. नव्या कर्नलसोबत तयार मॉड्यूल येतं, किंवा डीकेएमएस नावाची यंत्रणा ते तुमच्याच मशीनवर बनवते. डॉट रन फाइल या व्यवस्थेला न विचारता थेट सिस्टमच्या फोल्डरमध्ये लिहिते. पॅकेज व्यवस्थेच्या वहीत त्याची नोंदच होत नाही. पुढच्या अपडेटला ती आपल्या हिशेबाने काही फायली बदलते, काही तशाच ठेवते, आणि दोन आवृत्त्यांची सरमिसळ होते.

यातून काळी स्क्रीन कशी होते ते समजून घ्या. नोव्हो चालू असताना एन्व्हिडियाचं मॉड्यूल कार्ड हातात घेऊ शकत नाही. म्हणून डॉट रनचा इन्स्टॉलर नोव्होला बंदी घालणारी एक छोटी फाइल लिहून ठेवतो. त्या दिवशी सगळं झकास चालतं, आणि तुम्हाला वाटतं जमलं. मग कर्नल बदलतो. डीकेएमएसबद्दलच्या प्रश्नाला इन्स्टॉल करताना ‘नाही’ म्हटलेलं असेल, तर नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बनत नाही. नोव्होवरची बंदी मात्र कायम असते. आता कार्डाला एकही ड्रायव्हर उरत नाही. फाइल बसवली तेव्हा नव्हे, पुढे कधीतरी हे घडतं, म्हणून तिच्यावर कुणाचा संशय जात नाही.

उबुंटूचं पॅकेजही नोव्होला बंद करतं, हे खरं आहे. पण ते काढलं की बंदीही निघते, आणि कर्नल बदलला की मॉड्यूलही बदलतं.

डॉट रन बसवून झालेलीच असेल तर तिच्यावर दुसरी डॉट रन चढवू नका, आणि उबुंटूचं पॅकेजही तसंच वर बसवू नका. आधी कमांड ३ ने बूट विभागात जागा आहे ना ते बघा. डिस्क एन्क्रिप्ट केलेल्या मशीनमध्ये हा विभाग वेगळा आणि लहान असतो. तो जुन्या कर्नलांनी भरला की काहीच धड बसत नाही. जागा असेल तर कमांड ४ ने डॉट रन काढा. तिने दाबून टाकलेल्या लायब्ररी एवढ्याने परत येत नाहीत, म्हणून कमांड ५ ने एन्व्हिडियाची सगळी पॅकेजेस काढा. मग कमांड ६ ने उबुंटूने सुचवलेला ड्रायव्हर बसवा आणि रिस्टार्ट करा. हा क्रम मोडू नका. अक्षरांच्या स्क्रीनवर वायफाय लागत नसेल तर नेटची केबल जोडा, नाहीतर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग सुरू करा. बहुतेक मशीनला ते लगेच कळतं.

डॉट रन असलेल्या मशीनसाठी आम्ही जास्त आकार घेतो आणि त्यावरून काही ग्राहक नाराज होतात. कुठली फाइल कुणाची हे एकेक तपासत बसण्याला वेळ लागतो, आणि अर्धवट साफ केलेलं मशीन पुढच्या अपडेटला पुन्हा आमच्याकडेच येतं. तेव्हा पुन्हा पैसे घेण्यापेक्षा एकदाच नीट करून देणं आम्हाला पटतं.

मशीन लर्निंग शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना वेगळी सूचना. कुडा (कार्डावर गणितं चालवायची एन्व्हिडियाची व्यवस्था) बसवताना एन्व्हिडियाच्या भांडारातलं नुसतं ‘कुडा’ नावाचं पॅकेज घेतलंत तर ते सोबत स्वतःचा ड्रायव्हरही आणतं. तुम्हाला फक्त ‘कुडा टूलकिट’ हवं असतं. पायटॉर्च ही मशीन लर्निंगची लायब्ररी पिपने (पायथनची पॅकेजेस बसवणाऱ्या कमांडने) घेत असाल तर बहुतेकदा तेही लागत नाही. लागणाऱ्या कुडा लायब्ररी त्याच्यासोबतच येतात, मशीनवर फक्त ड्रायव्हर पुरेसा असतो.

निळी स्क्रीन आणि पासवर्ड

सिक्युअर बूट (सही पटलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल आणि मॉड्यूल मशीनवरच बनलं असेल, तर ड्रायव्हर बसताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. हा लॉगिनचा पासवर्ड नव्हे, एकदाच वापरायचा आहे. कागदावर लिहून ठेवा. रिस्टार्ट केल्यावर ‘मॉक मॅनेजमेंट’ची (मॉक म्हणजे सही तपासायची मशीनमालकाची किल्ली) निळी स्क्रीन येते आणि उलटी गणती सुरू होते. १० सेकंदांत कुठलंही बटण दाबलं नाही तर ती निघून जाते. मशीन पुढे सुरू होतं, पण सही न पटलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. म्हणून रिस्टार्टला टाकून चहाला जाऊ नका. बटण दाबा, ‘एनरोल मॉक’ निवडा, पुढे जा, होकार द्या आणि तो पासवर्ड टाका. अक्षरं अमेरिकन कीबोर्डप्रमाणे उमटतात, त्यामुळे पासवर्डमध्ये साधी अक्षरं आणि आकडेच ठेवा.

आम्ही दिलेल्या मशीनमध्ये शक्य तिथे उबुंटूने आधीच सही केलेलं मॉड्यूल वापरतो. त्यात हा प्रश्न उद्भवत नाही. सिक्युअर बूट बंद करून टाकणं सोपं असतं, पण आम्ही ते सुचवत नाही.

तुमच्या कार्डाला कोणता ड्रायव्हर

‘सगळ्यात नवा द्या’ असं सांगू नका. जीटी ७१० साठी ४७० ही शेवटची मालिका, आणि तिचाही पाठिंबा २०२४ मध्ये संपला. डीटीपीच्या आणि ऑफिसच्या मशीनमध्ये हे कार्ड अजून खूप दिसतं. तेवढ्या कामाला नोव्हो किंवा प्रोसेसरमधलं इंटेल ग्राफिक्स पुरतं, उगाच झगडू नका. जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी, म्हणजे १०५० टीआय आणि १०६० वाल्यांसाठीही, ५८० ही शेवटची मालिका आहे. त्यापुढचा ड्रायव्हर या कार्डांना ओळखतच नाही. आरटीएक्स ५० मालिकेला उलटी अट आहे: तिथे एन्व्हिडियाचं ओपन मॉड्यूलच लागतं, म्हणजे नावाच्या शेवटी ‘ओपन’ असलेलं पॅकेज. कमांड ६ हे सगळं बघून निवड करते, म्हणून आम्ही तिचा आग्रह धरतो.

नवं मशीन घेणार असाल आणि कुडाची गरज नसेल, तर एएमडी कार्डाचा विचार जरूर करा. त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, बाकीचा भाग मेसा या मुक्त ग्राफिक्स लायब्ररीमध्ये, आणि अपग्रेडबरोबर दोन्ही आपोआप पुढे जातात. कुडा लागत असेल तर मात्र एन्व्हिडियाच घ्या.

पुढच्या अपग्रेडआधी

उबुंटूची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ पाठिंबा मिळणारी, आवृत्ती दर २ वर्षांनी एप्रिलमध्ये येते. आधीच्या एलटीएसवाल्यांना ती पहिली दुरुस्ती आवृत्ती आल्यावर सुचवली जाते, २४.०४ ची ती ऑगस्ट २०२४ मध्ये आली. नव्या आवृत्तीची अशी दुरुस्ती येईपर्यंत थांबा, जबरदस्तीने पुढे जाऊ नका. एलटीएसला ५ वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात, त्यामुळे घाईचं कारण नाही. बाहेरून जोडलेली पीपीए (इतरांनी चालवलेली सॉफ्टवेअर भांडारं) अपग्रेडमध्ये बंद होतात. ड्रायव्हर तिथून घेतला असेल तर आधीच उबुंटूच्या भांडारातल्या ड्रायव्हरवर या.

कमांड १ चं उत्तर फोनमध्ये टिपून ठेवा, फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि यूपीएस नसेल तर वीज जाण्याच्या दिवशी अपग्रेड करू नका. रेंडर द्यायच्या आदल्या रात्री तर मुळीच नाही. वार्षिक देखभाल घेतलेल्या ग्राहकांचं अपग्रेड आम्ही वेळ ठरवून दुकानात करून देतो. इतरांनाही ठराविक शुल्कात ही सोय आहे.

फोन करताना मशीन समोर असू द्या आणि कमांड १ व २ च्या उत्तरांचे फोटो आधी पाठवा. डॉट रन बसवली असेल तर तसं स्पष्ट सांगा, त्यावर आम्ही रागावत नाही. मशीन आणायचंच झालं तर फक्त कॅबिनेट आणा. मॉनिटर, कीबोर्ड आणि केबल आमच्याकडे आहेत. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर तिचा पासवर्ड टाकायला स्वतः थांबा. एसटीने किंवा टेम्पोने येणार असाल तर जड ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं गुंडाळून आणा. हादऱ्यांनी स्लॉट तुटला तर तो ड्रायव्हरने दुरुस्त होत नाही.