उत्तर उणे आलं म्हणून बाण खोडू नका

विजेचा परिपथ सोडवताना धारा (विजेचा प्रवाह) उणे आली की बरेच विद्यार्थी आकृतीतला बाण खोडून उलटा काढतात. साध्या परिपथात हे खपून जातं. अवलंबी धारास्रोत, म्हणजे दुसरीकडच्या धारेवर ज्याची धारा ठरते असा स्रोत, असला की खपत नाही, आणि त्यामागचं कारण मला फार आवडतं.

बाण म्हणजे आपण मनाने धरलेली दिशा. −2 म्हणजे धारा बाणाच्या विरुद्ध वाहते, इतकंच. फ्रँकलिनने अठराव्या शतकात धन-ऋण ठरवलं, 1897 मध्ये थॉमसनला इलेक्ट्रॉन सापडला आणि तो धारेच्या उलट धावतो हे कळलं, म्हणून ‘सगळी गणितंच उलटी’ असं अजूनही ऐकू येतं. धारा आणि दाब यांचा हिशेब जुळवणाऱ्या किरचॉफच्या 1845 च्या नियमांना त्याने काही फरक पडत नाही.

अवलंबी स्रोत दुसरीकडची धारा पाहून आपली धारा ठरवतो. ट्रान्झिस्टरमध्ये बेस नावाच्या टोकातल्या इवल्या धारेवर कलेक्टर नावाच्या टोकातली मोठी धारा चालते, तसं. म्हणजे इथे दोन बाण एकमेकांना बांधलेले असतात.

आता आकडे घेऊ. 10 व्होल्टची बॅटरी 1 किलोओहमच्या रोधातून एका नोडला, म्हणजे तारा जुळतात त्या बिंदूला, जोडली आहे. नोडपासून जमिनीकडे (शून्य दाब धरलेल्या बिंदूकडे) आणखी एक 1 किलोओहम, त्यातली खाली जाणारी धारा i. शेजारी नोडमधून खाली 3i ओढणारा स्रोत. नोडचा दाब v धरला, तर मिलिअँपिअरमध्ये 10 − v = v + 3v. म्हणून v = 2 व्होल्ट, i = 2, स्रोताची धारा 6, बॅटरीची 8. वरच्या रोधात 64 मिलिवॉट, खालच्यात 4, स्रोतात 12. बॅटरी देते 80. हिशेब चोख.

आता i चा बाण वर करा. त्याबरोबर स्रोतावर −3i लिहिलंत, तर i = −2 येतो, बाकी सगळं तेच. पण स्रोतावर 3i तसंच ठेवलंत, तर 10 − v = v − 3v, म्हणजे v = −10 व्होल्ट!

ऊर्जेचा ताळा करून ही चूक पकडू म्हणाल, तर तेही जमत नाही. बॅटरी 200 मिलिवॉट देते, स्रोत 300 देतो, रोध 400 आणि 100 खातात. पुन्हा चोख! कारण गणित बरोबरच आहे, फक्त ते दुसऱ्याच परिपथाचं आहे. मूळ परिपथात खालचा रोध आणि स्रोत मिळून 250 ओहमसारखे वागत होते, आता −500 ओहमसारखे वागतात. प्रत्यक्ष जुळणीत नोडपाशी थोडी तरी धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) असतेच, त्यामुळे ही −10 ची स्थिती टिकणारही नाही. जरासा धक्का लागला की दाब तिथून दूर पळत सुटेल.

अशा −500 ओहमसारख्या ऋण रोधाचं नाव घेऊन ‘फुकट वीज’ देणारी यंत्रं खपवणारे लोक आहेत. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. ते 300 मिलिवॉट अवलंबी स्रोताच्या आत दडलेल्या ॲम्प्लिफायरला बाहेरून मिळणाऱ्या वीजपुरवठ्यातून येतात. आपल्या आकृतीत तो पुरवठा काढलेला नसतो.