गवती चहा ठेचावा, पुदिना मात्र नुसता दाबावा

बेळगाव-खानापूर भागात अनेक घरांच्या परड्यात, न्हाणीच्या सांडपाण्यावर, गवती चहाचे एखादे बेट वाढलेले असते आणि त्याच्याच कडेने पुदिना पसरलेला असतो. वळवाच्या पावसाआधीच्या उकाड्यात या दोन पानांपासून व्होडकाचे थंडगार पेय घरी सहज करता येते. पण दोन्ही पानांना एकाच रीतीने हाताळले तर ते बिघडते, आणि त्याचे कारण पानांच्या रचनेत आहे.

पुदिन्याचे सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म ग्रंथींमध्ये, पातळ पडद्याखाली साठलेले असते. त्या फुटायला बोटांचा हलका दाब पुरतो. पान खलबत्त्यात कुटले तर आतल्या पेशीही फाटतात. त्यांतील पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर ऑक्सिजनच्या साहाय्याने फिनॉल संयुगांपासून तपकिरी द्रव्ये तयार करते, हरितद्रव्यही व्होडकात उतरते आणि पेयाला कडवट, गवताळ चव येते. गवती चहाचे तेल मात्र पात्याच्या आतील पेशींत असते, म्हणून तो बारीक चिरून ठेचल्याशिवाय वास सोडत नाही.

या तेलाचा मुख्य घटक सिट्रल. तो पाण्यात जेमतेम विरघळतो, पण मद्यार्कात सहज उतरतो, कारण मद्यार्काच्या रेणूचे एक टोक पाण्याशी जमते आणि दुसरे तेलाशी. आपल्याकडच्या व्होडकात मद्यार्काचे प्रमाण साधारण ४२.८ टक्के असते आणि तिला स्वतःचा वास जवळजवळ नसतो, त्यामुळे पानांचा गंध तिच्यात स्वच्छ उमटतो. १८० मिलिलिटर व्होडकात गवती चहाचे दोन-तीन ठेचलेले बुंधे घालून काचेची बरणी झाकून एक दिवस अंधारात ठेवावी आणि नंतर गाळून घ्यावी.

एका पेल्यासाठी ही व्होडका ४५ मिलिलिटर, लिंबाचा रस १५ आणि साखरेचा पाक १५ मिलिलिटर घ्यावा. शेजारच्या विजयपूर जिल्ह्यातील इंडीची कागदी लिंबे मिळाली तर फारच उत्तम. आपल्या ऊसपट्ट्यात गुळाचा मोह होतो, पण त्याची खमंग चव पुदिन्यावर मात करते. इथे मला साखरच योग्य वाटते. हे मिश्रण बर्फासह झाकणाच्या डब्यात जोरात हलवावे. १ ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषतो, म्हणून २८ अंशांवरचे ७५ मिलिलिटर मिश्रण शून्याजवळ आणायला सुमारे २५ ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. हे वितळलेले पाणी पाककृतीचाच भाग आहे. आता गाळून वर १०० मिलिलिटर गार सोडा ओतला की सुमारे २०० मिलिलिटर पेय होते आणि त्यात मद्यार्क साधारण साडेनऊ टक्के उरतो. चव सरबतासारखी लागली, तरी एका पेल्यात सुमारे १५ ग्रॅम मद्यार्क असतो, हे वाढणाऱ्याने पाहुण्यांना आधीच सांगावे. सोडा पडताच कधी कधी हलकी दुधाळ झाक दिसते; मद्यार्क विरळ झाल्याने तेलाचे सूक्ष्म थेंब सुटे होतात आणि प्रकाश विखुरतात.

पुदिन्यात आढळणाऱ्या मेंथॉल या द्रव्याचा थंडावा ही वेगळीच गोष्ट. ते तोंडातील चेतातंतूंवरच्या टीआरपीएम८ या ग्राहीला (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) चेतवते, आणि हीच ग्राही खऱ्या थंडीनेही चेतते. त्यामुळे तापमान न घटताही मेंदूला गारवा जाणवतो. तापमान व स्पर्शाच्या ग्राहींवरील संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना २०२१ चे नोबेल मिळाले. मात्र स्वयंपाकातल्या पुदिन्याच्या अनेक वाणांत मेंथॉलपेक्षा कार्व्होन हे सुवास देणारे, पण फारसा गारवा न देणारे द्रव्य अधिक असते, म्हणून सुवास पुदिन्याकडून आणि गारवा मुख्यतः बर्फाकडून घ्यावा.

पुदिन्याची डहाळी सर्वांत शेवटी घ्यावी, तळहातावर ठेवून दुसऱ्या हाताने एकदाच थोपटावी आणि पेल्यात काठाशी अशी खोचावी की घोट घेताना नाक पानांजवळ येईल.