केबल लावलेलीच आहे, तरी संगणक ‘नाही’ का म्हणतो?

गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की पुण्यातल्या कित्येक घरांत एक कोडे पडते. घरातला संगणक इन्व्हर्टरवर चालू असतो, केबलला कोणी हातही लावलेला नसतो, आणि विंडोज सांगते: ‘नेटवर्क केबल अनप्लग्ड’. जाऊन पाहावे तर प्लग घट्ट बसलेला. बंद पडलेला असतो तो जिन्यातल्या डब्यातला स्विच, म्हणजे घराघरांतल्या नेटच्या केबल जिथे एकत्र येतात ती पेटी, कारण त्याला इन्व्हर्टरचा आधार नाही.

संदेश खोटा आहे, पण संगणकाला याहून जास्त कळण्याची सोयच नाही. हेडफोनच्या जॅकमध्ये पिन आत आली की हलणारी एक पट्टी असते. ज्याला सगळे आरजे-४५ म्हणतात त्या सॉकेटात तसे काही नसते. असतात त्या फक्त आठ सोनेरी तारा. प्लग खोचला आहे का, हे संगणक कधी तपासतच नाही. पलीकडे कोणी जागे आहे का, एवढेच तो ऐकतो.

तारेतून थोडा प्रवाह सोडून मंडल पूर्ण होते का हे पाहायला काय हरकत होती? हरकत ट्रान्सफॉर्मरची. सॉकेटच्या लगेच मागे तारांच्या प्रत्येक जोडीसाठी एक चिमुकला ट्रान्सफॉर्मर असतो. दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असला तरी संगणकाच्या आतले भाग सुरक्षित राहावेत म्हणून मानकानुसार ही आडभिंत १५०० व्होल्ट मिनिटभर सोसेल अशी बनवतात. ट्रान्सफॉर्मर बदलता दाब पलीकडे पोचवतो आणि स्थिर दाब अडवतो, हे शाळेत शिकलेलेच आहे. म्हणजे तपासणीचा सिग्नल बदलता हवा, आणि तो समोरच्याने स्वतःहून पाठवायला हवा.

१९९० साली पीळ दिलेल्या तारांवरच्या १० मेगाबिट इथरनेटचे, म्हणजे केबलवरून संगणक जोडण्याच्या पद्धतीचे, मानक आले, आणि त्यात ही युक्ती बसवली. पाठवायला काही नसेल तेव्हाही दर १६ मिलिसेकंदांनी (८ मागेपुढे चालतात) १०० नॅनोसेकंदांची एक पल्स, म्हणजे विजेचा क्षणिक ठोका, सोडायची. म्हणजे वेळेचे १ लाख ६० हजार भाग केले तर त्यातल्या एका भागात तार बोलते, बाकी वेळ गप्प. समोरच्याने तेवढ्यावर लक्ष ठेवायचे. आजी गोष्ट सांगते तेव्हा नातवाने हुंकार द्यायचा असतो. हुंकार थांबला की पोर झोपले हे तिला अंधारातही कळते. इथे दोन्ही बाजू एकमेकींना हुंकार देतात. ५० ते १५० मिलिसेकंद ना पल्स आली ना माहिती, की लिंक, म्हणजे दोन टोकांचा संपर्क, गेली. परत लिंक धरताना मात्र एकुलत्या एका पल्सवर विसंबून चालत नाही. ठराविक अंतराने, ओळीने पल्स आल्या पाहिजेत. नाहीतर मिक्सर सुरू करताना तारेत उठलेला एखादा खरखराटही लिंक समजला जाईल.

१९९५ साली १०० मेगाबिटचे मानक आले आणि नुसता हुंकार पुरेना. आता समोरच्याला काय काय येते हेही कळायला हवे होते. म्हणून एका पल्सच्या जागी पल्सांची माळ आली, आणि ही माळ म्हणजे या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग. माळेत ३३ जागा, दोन जागांमध्ये ६२.५ मायक्रोसेकंद, म्हणजे सगळी माळ २ मिलिसेकंदांत संपते. विषम क्रमांकाच्या १७ जागांवर पल्स असतेच, ते घड्याळ. मधल्या १६ जागांवर पल्स असली तर १, नसली तर ०. या १६ बिटांतले पहिले ५ ‘मी इथरनेट बोलतो’ असे सांगतात. पुढच्या ८ मध्ये क्षमता: १० की १००, दोन्ही दिशांनी एकाच वेळी की आळीपाळीने, वगैरे. शेवटचे ३ म्हणजे ‘माझ्याकडे बिघाड आहे’, ‘तुमचे पोचले’ आणि ‘अजून एक पान आहे’. समोरून तीच माळ लागोपाठ तीनदा जशीच्या तशी आली तरच ती ग्राह्य धरायची, मग पोच द्यायची. गीगाबिटची, म्हणजे १००० मेगाबिटची, बोलणी त्या ‘अजून एका पानावर’ होतात. आणि १९९० च्या जुन्या यंत्राला ही अख्खी माळ एकच नेहमीची पल्स वाटते, त्यामुळे त्याचे काही बिघडत नाही. नवे आणताना जुने मोडायचे नाही, हे इतक्या कमी बिटांत फार क्वचित साधलेले दिसते.

बोलणी संपली की माळा थांबतात. १०० मेगाबिटवर त्यानंतर तार गप्प बसत नाही. माहिती असो वा नसो, सेकंदाला १२.५ कोटी चिन्हे अखंड वाहतात. गीगाबिटवर चारही जोड्यांवर तेवढीच, तीही दोन्ही दिशांनी एकाच वेळी. त्यामुळे फाय चिपला, म्हणजे तारेशी बोलणाऱ्या चिपला, आपलाच आवाज वजा करून समोरच्याचा ऐकावा लागतो. एवढी गणिते चालू असल्यामुळे गीगाबिट लिंक तुटल्याचे जाहीर करायला उलट जास्त वेळ लागतो: कोणाचे घड्याळ प्रमाण मानले आहे त्यानुसार ३५० किंवा ७५० मिलिसेकंदांपर्यंत. (२०१० च्या वीजबचतीच्या मानकाने या अखंड बडबडीत डुलक्या घ्यायला परवानगी दिली, तरी मधूनमधून जागे असल्याची खूण द्यावीच लागते.)

इथेच एक सापळा आहे. बोलणी दोनच जोड्यांवर होतात, १-२ आणि ३-६ या पिनांवर, म्हणजे नेहमीच्या जोडणीत नारिंगी आणि हिरव्या. गीगाबिटला मात्र निळी आणि तपकिरीही लागते. निळ्या जोडीची एक तार प्लगमध्ये नीट चावली गेली नसेल, तर दोन्ही बाजू आनंदाने गीगाबिटवर राजी होतात, चार जोड्यांवर सूर जुळवायला जातात, फसतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दिवा लागतो-विझतो, संगणक ‘केबल आहे, नाही, आहे’ असे म्हणत राहतो. समजूतदार फाय चिप काही प्रयत्नांनंतर मुकाट १०० वर उतरते. मग ३०० मेगाबिटचा प्लॅन घेऊनही वेगाची चाचणी ९४ च्या वर हलत नाही. ९४ च्या आसपास अडकलेला आकडा दिसला की इंटरनेटवाल्याला फोन करण्याआधी केबलचे आठही टोक तपासावेत.

प्लग काढून सॉकेटात फुंकर मारली की नेट येते, हा समज कार्यालयांत पक्का रुजलेला आहे. फुंकरीने तोंडातली वाफ तेवढी तारांवर बसते. काम होते ते प्लग काढून लावल्यामुळे: स्पर्शाच्या जागा घासल्या जातात, आणि अडकलेली बोलणी नव्याने सुरू होतात. खंडेनवमीला संगणकासोबत राउटरलाही हार घालायला काही हरकत नाही, पण कुंकू आणि ओली फुले सॉकेटांपासून लांब ठेवावीत. सोन्याचा मुलामा दिलेल्या महागड्या केबलने घरचे नेट ‘पळते’ असे सांगणारेही त्याच माळेतले. लिंक ज्या वेगाला जुळली त्याहून केबल काही देत नाही.

केबल करताना सगळ्यात फसवी चूक म्हणजे रंग ओळीने लावणे: नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी, तपकिरी. मग ३ आणि ६ या पिना वेगवेगळ्या पिळांतल्या तारांवर येतात, पिळाचा उपयोग संपतो आणि शेजारच्या जोडीचा आवाज घुसतो. १ ते ८ दिवे लावणारा स्वस्त टेस्टर या केबलला पास करतो, कारण प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत जोडलेली आहेच. १० मेगाबिटवर लिंक येते, वर चढताना कोसळते. योग्य क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी, आणि पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उकलायचा नाही. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात केबल घेताना तारेचे टोक पात्याने खरवडून पाहावे. आत चंदेरी दिसली तर ते तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम. अ‍ॅल्युमिनियमचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो, आणि दोन-चारदा वाकवली की ही तार आतल्या आत तुटते.

संगणकाला हे सगळे कसे कळते? फाय चिपमध्ये १६-१६ बिटांची नोंदघरे असतात. १ क्रमांकाच्या नोंदघरातला २ क्रमांकाचा बिट म्हणजे लिंक. त्याला एक खोड आहे: मागच्या वाचनानंतर लिंक क्षणभर जरी गेली असेल, तरी तो ० वर अडकून राहतो आणि एकदा वाचल्यावरच सुटतो. म्हणून आत्ताची स्थिती हवी असेल तर तो लागोपाठ दोनदा वाचावा लागतो. छोट्या बोर्डांसाठी प्रोग्राम लिहिणारे इथे हमखास अडखळतात. लिनक्सवर इतके खोल जायची गरज नाही. सिस फोल्डरात क्लास, त्यात नेट, त्यात कार्डाचे नाव, आणि तिथे कॅरियर नावाची फाइल. तिच्यात १ असेल तर लिंक आहे. कार्डच बंद ठेवले असेल तर ही फाइल वाचताना चूक दाखवते, आणि त्याचा अर्थ केबल नाही असा लावू नये. इथटूल ही आज्ञा जुळलेला वेगही सांगते, म्हणून ती बरी.

लिंकचा दिवा फक्त पुढच्या पेटीपर्यंतचे सांगतो. रस्ता खोदताना बाहेरची फायबर तुटली तरी राउटर चालू असेपर्यंत दिवा हिरवाच. सोसायटीच्या दोन इमारतींमध्ये मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची केबल जोडणाऱ्या पेट्या, लावलेले असतात, तिथे तर फसगत ठरलेली: फायबर मेली तरी साधा कन्व्हर्टर तांब्याच्या बाजूने हुंकार देतच राहतो. एका बाजूची लिंक गेली की दुसरीही पाडणारे कन्व्हर्टर मिळतात, तेच घ्यावेत.

आणि केबल कुठे तुटली हेही कळू शकते, फक्त फाय चिपमध्ये ती सोय हवी. चिप एक पल्स सोडते आणि प्रतिध्वनीची वाट पाहते. तारेत सिग्नल नॅनोसेकंदाला सुमारे २० सेंटिमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन मीटरमागे १० नॅनोसेकंद. ३२० नॅनोसेकंदांनी प्रतिध्वनी आला तर दोष ३२ मीटरवर. प्रतिध्वनी सुलटा आला तर तार तुटलेली, उलटा आला तर दोन तारा एकमेकींना चिकटलेल्या. लिनक्सवर २०२० पासून इथटूलमध्ये ही केबल-चाचणी आहे. ती चालू असताना लिंक जाते, त्यामुळे दूर बसून त्याच केबलवरून लॉगिन करून ती चालवू नये. आणि येणारे अंतर केबलच्या लांबीवर मोजलेले असते; डक्टमध्ये गुंडाळून ठेवलेले वेटोळे त्यात धरलेले आहे हे ध्यानात ठेवूनच भिंत फोडायला घ्यावी.