तेव्हाचे पाच हजार म्हणजे आजचे किती?
जुन्या रकमांचे आजचे मोल काढण्याविषयी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

घराची वाटणी निघाली की आमच्या फोंड्याच्या कार्यालयात हा प्रश्न हमखास येतो. थोरल्या भावाने 1982 साली घराची कौले बदलायला पाच हजार रुपये घातलेले असतात. धाकटा पाच हजार रुपये मोजून द्यायला तयार असतो. थोरल्याचे म्हणणे, तेवढ्यात तेव्हा अख्खे छप्पर उभे राहिले, आज रीप-वासेसुद्धा येणार नाहीत. अशा वेळी अंदाजाने बोलू नये, आकडा काढावा. तो काढता येतो.

केंद्र सरकारचा लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी दर महिन्याला ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे रोजच्या खर्चाचे भाव किती वाढले ते सांगणारा आकडा, जाहीर करतो. त्याचे पायाभूत वर्ष अधूनमधून बदलते: 1960, 1982, 2001 आणि आता 2016. प्रत्येक पायाभूत वर्षी निर्देशांक पुन्हा 100 पासून सुरू होतो. त्यामुळे जुना आकडा आणि नवा आकडा सरळ शेजारी ठेवून भागाकार करता येत नाही. मध्ये जोडगुणक, म्हणजे जुनी आणि नवी मालिका जोडणारा गुणाकाराचा आकडा, लावावा लागतो. 1960 वरून 1982 वर येताना 4.93, 1982 वरून 2001 वर 4.63, आणि 2001 वरून 2016 वर 2.88. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक घरगुती हिशेबांत चूक होते ती इथेच.

आता थोरल्याचे पाच हजार घेऊ. डिसेंबर 2024 चा निर्देशांक 143.7, म्हणजे 2016 च्या 1.437 पट. 4.63 गुणिले 2.88 गुणिले 1.437 केले की 19.16 येतात. 1982 चे पाच हजार म्हणजे डिसेंबर 2024 चे सुमारे 95,800 रुपये. याच रीतीने 2001 च्या शंभर रुपयांचे 414 होतात, आणि 1960 च्या एका रुपयाचे साधारण साडेचौऱ्याण्णव. भाववाढीचा सरासरी वेग 1960 ते 1982 मध्ये वर्षाला साडेसात टक्क्यांच्या आसपास होता, 1982 ते 2001 मध्ये साडेआठच्या जवळ गेला, त्यानंतर साडेसहाच्या खाली आला. ज्यांची बचत ऐंशी-नव्वदच्या दशकांत घरातल्या पेटीत पडून राहिली, त्यांचे नुकसान सर्वांत मोठे आहे.

गोव्यातल्या जुन्या कागदांना एक वेगळी अडचण असते. 1960 चा भारतीय निर्देशांक गोव्याचा नव्हे. 19 डिसेंबर 1961 पर्यंत इथे पोर्तुगीज राजवट होती आणि शेवटची काही वर्षे एस्कुदो चालत होते. भारतीय रुपया आला तेव्हा सहा एस्कुदोंना एक रुपया हा दर होता, म्हणून 600 एस्कुदोंचा कागद आम्ही आधी 100 रुपयांचा धरतो. पण त्या काळी आयात माल इथे स्वस्त होता, भाव सीमेपलीकडच्यासारखे नव्हते. अशा कागदावर आम्ही काढलेला आकडा ढोबळच समजावा. त्यावरून कोर्टात भांडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निर्देशांक सांगतो तो रोजच्या खर्चाचा भाव. 2001 च्या मालिकेत खाण्यापिण्याचा वाटा 46.2 टक्के होता, 2016 च्या मालिकेत तो 39.17 वर आला; घरभाडे, शिक्षण, औषधपाणी यांचा भार वाढला. जमिनीचे तसे नाही. 1982 ला घेतलेल्या भाटाची (बागायती जमिनीची) किंमत एकोणीस पट करून मागणाऱ्याची फसगत होईल, कारण गोव्यात जमिनीने कुठल्याही निर्देशांकाला जुमानलेले नाही. जमिनीसाठी जवळपासचे नोंदणीकृत व्यवहारच पाहावेत. आजोबांचा दोनशे रुपये पगार ‘मोठा’ होता का, हे ठरवायला भाव पुरत नाहीत. त्या वेळी इतरांना काय मिळत होते तेही पाहावे लागते.

मालमत्ता विकल्यावर भरायच्या करासाठी मात्र आयकर खात्याचा स्वतंत्र निर्देशांक आहे: 2001-02 ला 100, 2025-26 ला 376. शहरी भाववाढीचा पाऊण हिस्साच त्यात धरतात, म्हणून तो वरच्या हिशेबापेक्षा कमी भरतो. वाटणीत तो वापरू नका. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेली जमीन किंवा घर विकताना निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला या निर्देशांकासह 20 टक्के की त्याशिवाय 12.5 टक्के, यातला कमी कर लागतो. आम्ही दोन्ही मांडून दाखवतो.

येताना रक्कम कुठल्या वर्षी, शक्यतो कुठल्या महिन्यात दिली ते लिहून आणावे. पावती, बँकेचे जुने पासबुक, गवंड्याने लिहिलेली चिठ्ठी, जे हाती असेल ते चालेल. वाटणीचा प्रश्न असेल तर दोन्ही भावांनी एकत्र यावे. हिशेब आम्ही दोघांच्या समोरच करतो.