डिजिटल मानवाकृतींच्या कपड्यांचे ग्रुपिंग व रिगिंग

संगणकात त्रिमितीय रीतीने घडविलेल्या मानवाकृतीच्या अंगावरचा कपडा तिच्याबरोबर वाकावा आणि वळावा यासाठी कपड्याच्या मेशचे, म्हणजे बहुभुजांच्या जाळीचे, शरीराच्या भागांनुसार गट पाडणे याला ग्रुपिंग म्हणतात. त्या मेशला हाडांचा सांगाडा जोडून कोणता सांधा कपड्याचा कोणता भाग किती हलवील हे ठरविणे याला रिगिंग म्हणतात. शिंपी अंगाची मापे घेऊन कापड बेततो आणि पुढचे काम कापडाच्या अंगच्या गुणांवर सोपवतो. येथे मात्र कपडा शिवून तयार असला, तरी तो पत्र्यासारखा निर्जीव असतो; वाकण्याची प्रत्येक शक्यता त्याला बाहेरून द्यावी लागते.

अशा कपड्याला स्वतःचा सांगाडा असला तरी तो उसना असतो. मानवाकृतीच्या सांगाड्याची प्रत कपड्यात ठेवलेली असते. कपडा आकृतीला ‘कन्फॉर्म’ केला, म्हणजे तिच्याशी जखडला, की संगणक दोन्ही सांगाड्यांतील समान नावांची हाडे शोधतो आणि आकृतीच्या हाडाचे फिरणे कपड्यातील त्याच नावाच्या हाडाला देतो. सगळी मदार नावांवर असते. पोझर या मानवाकृती रचण्याच्या आज्ञावलीत (संगणक प्रोग्राममध्ये) हाडाचे अंतर्गत नाव एका अक्षराने चुकले, किंवा कॅपिटल अक्षराच्या जागी लहान अक्षर पडले, तरी तो भाग आकृतीबरोबर हलत नाही. पडद्यावर दिसणारे नाव बरोबर असल्याने ही चूक नवख्याला पुष्कळ वेळ सापडत नाही. पोझर ही लॅरी वाइनबर्ग यांनी लिहिलेली आज्ञावली १९९५ मध्ये बाजारात आली, आणि कन्फॉर्म होणारे कपडे तिच्या १९९९ च्या चौथ्या आवृत्तीपासून रूढ झाले. त्यापूर्वी कपडे घातलेली आकृती हीच एक स्वतंत्र आकृती असे, म्हणजे कपडे उतरविता किंवा बदलता येत नसत.

ग्रुपिंग : वेव्हफ्रंट पद्धतीच्या ओबीजे फायलीत, म्हणजे मेशची माहिती साठविणाऱ्या फायलीत, गटाचे नाव सांगणारी एक ओळ असते आणि तिच्याखालचे बहुभुज त्या गटात मोडतात. जुन्या पद्धतीच्या रिगिंगमध्ये प्रत्येक बहुभुज एका आणि एकाच शरीरभागाचा असावा लागतो : कंबर, पोट, छाती, खांद्याचा आतला भाग, दंड, कोपराखालचा हात, मांडी, पोटरी याप्रमाणे. साहित्याचे गट, म्हणजे कापड, बटण, काठ यांना रंगपोत देण्यासाठी पाडलेले विभाग, हे यांहून वेगळे असतात. एकच बटणपट्टी छाती व पोट अशा दोन शरीरगटांत विभागलेली असूनही साहित्याच्या दृष्टीने एकसंध राहते. आज्ञावली फाइल वाचताना शरीरगटांचे तुकडे सुटे करते आणि मग सांगाड्याच्या वर्णनात दिलेल्या सूचनांनुसार शेजारचे तुकडे कडेला सांधते. म्हणून दोन गटांच्या सीमेवरचे शिरोबिंदू, म्हणजे बहुभुजांचे कोपरे, सामाईक असावे लागतात. मॉडेल घडविताना ते दुहेरी झाले असतील, तर उभ्या स्थितीत काहीच दिसत नाही. कोपर वाकविले, की बाही शिवणीवर उसवल्यासारखी उघडते.

सीमा कोठे आखावी हा प्रश्न दिसतो तेवढा यांत्रिक नाही. कपड्याच्या गटाची सीमा आकृतीच्या त्याच गटाच्या सीमेलगत यावी हा सर्वसाधारण नियम आहे, आणि घट्ट कपड्यांना तो पुरतो. सैल बाहीला तो तसाच लावला, तर काखेखालचे कापड छातीच्या गटात जाते आणि हात वर केल्यावर बाहीचा खालचा भाग जागीच राहतो. सीमा तिरकी, दातेरी किंवा घड्यांतून जाणारी असली तर वाकल्यावर तेथे सुरकुती न पडता खाच पडते. त्यामुळे जाणते कारागीर मेश घडवितानाच बहुभुजांच्या ओळी सांध्याभोवती वळशासारख्या ठेवतात, म्हणजे सीमा आखायला एक सरळ ओळ आयती मिळते. ग्रुपिंग हे नंतर उरकायचे काम समजणाऱ्यांना पुढे सर्वाधिक दुरुस्ती करावी लागते.

सांध्यांचे क्षेत्र : पोझरच्या जुन्या पद्धतीत एका हाडाचे फिरणे मुख्यतः त्या गटावर आणि त्याच्या वरच्या, म्हणजे पालक गटावर परिणाम करी. तो कोठपर्यंत पूर्ण व कोठून शून्य, हे कोनांनी आणि दोन गोलांनी ठरे. आतल्या गोलातील बिंदू हाडाबरोबर पूर्ण फिरत, बाहेरच्या गोलापलीकडचे स्थिर राहत आणि मधले प्रमाणात हलत. या मांडणीचा सगळा कमकुवतपणा घागऱ्यासारख्या घेरदार वस्त्रात उघडा पडतो. विजारीला दोन पाय असतात, म्हणून डाव्या व उजव्या मांडीचे गट वेगळे राहतात. घेराच्या पोशाखात मात्र कापड सलग असते. ते मधोमध विभागून एक अर्धा डाव्या आणि दुसरा उजव्या मांडीला दिला, तर त्या दोन गटांत पालक-अपत्याचे नाते नसल्याने एक पाय पुढे टाकताच कापड मधल्या रेषेवर फाटते किंवा ताणून विद्रूप होते. यावर कारागिरांनी अनेक वाटा काढल्या. कोणी सगळा घेर कमरेच्या गटात ठेवून पाय उचलण्याचे, बसण्याचे आकारबदल हाताने घडवी. कोणी आकृतीत नसलेली जादा हाडे घेरात घालून ती हाताने फिरविण्याची सोय करी. त्या हाडांना धरण्यासाठी कपड्याबाहेर लहान मुठीसारखे तुकडे ठेवले जात, आणि वापरणारा चित्र तयार करण्यापूर्वी ते लपवी. ही युक्ती ओबडधोबड वाटली तरी ती प्रामाणिक होती, कारण घेराला शरीराच्या हाडांनी पूर्ण हलविता येत नाही हे ती मान्य करत होती.

वेट मॅप : पुढे प्रत्येक शिरोबिंदूला प्रत्येक हाडाचा वाटा आकड्यात देण्याची पद्धत या आज्ञावल्यांतही आली, डॅझ कंपनीच्या जेनेसिस या मानवाकृतीत आणि पोझरच्या नवव्या आवृत्तीत ती २०११ मध्ये दाखल झाली. बिंदूचे वाटे मिळून १ होतात, आणि बिंदूचे नवे स्थान हे निरनिराळ्या हाडांनी सुचविलेल्या स्थानांची भारित सरासरी असते. सरासरी साधी घेतली तर मनगट १८० अंशांत पिळताच मधला भाग टॉफीच्या कागदासारखा आवळतो. २००७ मध्ये लाडिस्लाव काव्हान व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या द्विक्वाटर्नियन पद्धतीत, म्हणजे फिरणे व सरकणे एकत्र मांडणाऱ्या संख्यांच्या गणितात, घनफळ टिकते, पण कोपर किंवा गुडघा खूप वाकल्यावर तेथे फुगवटा येतो. कपडा व आकृती यांनी एकच पद्धत वापरणे मात्र अपरिहार्य आहे, कारण एक आवळला आणि दुसरा फुगला, तर कातडी कापडातून बाहेर येणारच. वेट मॅपमुळे गटाची सीमा वाकण्याचा निर्णय करीनाशी झाली. तरी निवड करणे, भाग लपविणे व नावे जुळविणे यांसाठी गट आजही उपयोगी आहेत.

आता हे वाटे हाताने रंगविण्याऐवजी बहुधा शरीरावरून कपड्यावर उतरविले जातात. कपड्याच्या प्रत्येक बिंदूसाठी शरीराच्या पृष्ठभागावरील सर्वांत जवळचा बिंदू शोधून त्याचे वाटे उचलले जातात. अंगाला चिकटलेल्या कपड्यासाठी ही रीत उत्तम आहे. जेथे दोन अवयव जवळ येतात तेथे ती चकते : काखेतील बाहीचा बिंदू बरगडीचे वाटे उचलतो, दोन मांड्यांमधील कापडाचा एक बिंदू डाव्या पायाचे आणि लगतचा उजव्या पायाचे. हात फाकलेल्या स्थितीत कपडा बसविण्याचे एक कारण हेच आहे. उतरविल्यानंतर वाटे हलकेच सपाट करणे जवळजवळ नेहमीच लागते. बटण, बक्कल, पट्ट्याची कडी यांचे बिंदू सपाट केले तर बटण रबरासारखे वाकते. म्हणून अशा ताठ वस्तूच्या सगळ्या बिंदूंना एकच वाटे द्यावे लागतात किंवा ती वस्तू कापडावरील एका जागेला खिळवावी लागते.

आकारबदल : आकृती स्थूल, सडपातळ किंवा स्नायुदार करणाऱ्या बदलांना मॉर्फ म्हणतात. प्रत्येक शिरोबिंदू किती सरकला याची ती क्रमांकवार यादी असते, म्हणून बिंदूंची संख्या व क्रम यांवर ती पूर्णपणे अवलंबून असते. मॉर्फ घडविल्यानंतर कोणी गट बदलले आणि फाइल लिहिताना आज्ञावलीने बिंदूंचा क्रम फिरविला, तर मॉर्फ लावताच कपडा काटेरी गोळ्यासारखा विस्कटतो. ग्रुपिंग आधी, मॉर्फ नंतर, ही शिस्त येथूनच आली. आकृतीच्या मॉर्फना जुळणारे मॉर्फ कपड्यात नसतील, तर कातडी बाहेर डोकावते. ती झाकण्यासाठी कपड्याखालचा शरीरगट लपविणे हा सर्वांत जुना व अजूनही सर्वांत खात्रीचा उपाय आहे. कापड किंचित बाहेर ढकलणे हा दुसरा, पण अंगरख्यावर कोट, कोटावर पट्टा असे थर असतील तर प्रत्येक थर ढकलता ढकलता आकृती फुगलेली दिसू लागते.

गतिकीय कापड : हाडांना न जुमानता गुरुत्व, ताण व टक्कर यांच्या गणिताने कापड पाडणे ही निराळी वाट आहे. डेव्हिड बॅराफ व अँड्र्यू विटकिन यांच्या १९९८ मधील शोधनिबंधाने हे गणित मोठ्या कालटप्प्यांतही स्थिर ठेवण्याची रीत दिली. पोझरच्या २००२ च्या पाचव्या आवृत्तीत त्यासाठी स्वतंत्र ‘क्लॉथ रूम’ आली आणि डॅझने २०१७ मध्ये ‘डीफोर्स’ आणले. येथे गट या शब्दाचा अर्थ बदलतो. क्लॉथ रूममध्ये गट शरीराचे नसून वागणुकीचे असतात : मुक्तपणे पडणारे बिंदू, अंगाला बांधलेले बिंदू, ठरवून दिलेल्या मार्गाने हलणारे बिंदू, आणि मऊ व ताठ अशा दोन प्रकारच्या सजावटीचे बिंदू. कमरपट्टा बांधलेल्या गटात टाकायला विसरले, तर घेर चलच्चित्राच्या पहिल्या काही चौकटींतच (फ्रेममध्येच) घोट्यांशी येऊन पडतो. अलीकडे एकाच वस्त्रात दोन्ही वाटा एकत्र येतात : कंबर व छाती हाडांनी बांधलेली, घेर गणितावर सोडलेला, आणि दोहोंमध्ये मुक्ततेचे प्रमाण शून्यापासून एकपर्यंत हळूहळू चढत गेलेले.