चटणीची बरणी आणि मंद होणारा दिवा

"आई, तू मला गॅसलाइट करतेयस!" भाची कडाडली. भांडण शेंगाचटणीच्या बरणीवरून. बरणी मी फडताळात ठेवली, असं ती म्हणते. तू ठेवलीच नाहीस, असं ताई. "काय लावलंय बे सकाळी सकाळी?" आतून भाच्याचा आवाज. सोलापूरच्या आमच्या स्वयंपाकघरात हा शब्द रील्समधून शिरला आणि आता चहात साखर कमी पडली तरी निघतो.

मुळात तो आला नाटकातून. पॅट्रिक हॅमिल्टन यांचं 'गॅस लाइट' १९३८ साली इंग्लंडमध्ये रंगमंचावर आलं. १९४४ च्या हॉलिवूडपटात इन्ग्रिड बर्गमन होती. त्यासाठी तिला ऑस्करही मिळालं. नवरा वस्तू लपवतो आणि तूच हरवल्यास, असं बायकोला ऐकवतो. रात्री तो चोरून माळ्यावर दागिने शोधतो. तिथला गॅसचा दिवा पेटला की खालची ज्योत बारीक होते. सोलापूरकराला हे समजावून सांगायला नको. पाणी येण्याच्या दिवशी शेजाऱ्यानं मोटर लावली की आपल्या नळाची धार करंगळीएवढी होतेच. पण नाटकातला नवरा बायकोला म्हणतो, तुला भास होतात. हळूहळू तिलाही ते पटू लागतं.

असल्या नवऱ्याचं फावतं, कारण आठवण म्हणजे रेकॉर्डिंग नव्हे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या फिल्म दाखवल्या. गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता, असं काहींना विचारलं. काहींना त्याच प्रश्नात 'चक्काचूर' छापाचं क्रियापद दिलं. आठवड्यानंतर विचारलं, फुटलेली काच पाहिली का? पहिल्या गटात ५० पैकी ७ जणांनी हो म्हटलं, दुसऱ्यात १६ जणांनी. काच फुटलेलीच नव्हती! एका क्रियापदानं एवढं होत असेल, तर बरणीच्या भांडणात मायलेकी दोघीही प्रामाणिक असू शकतात. विसरणं किंवा हट्टानं वाद घालणं म्हणजे गॅसलाइट करणं नव्हे. त्यात समोरच्याला जाणूनबुजून, पुन्हा पुन्हा, स्वतःवरच संशय घ्यायला लावलेलं असतं. भाचीला हे सांगितलं. पटलं नाही.

खांद्यावरची शेळी तीन ठगांनी कुत्रं ठरवली, ती गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तीच जणू प्रयोगशाळेत नेली. तीन रेघांपैकी नमुन्याएवढी कोणती, एवढंच सांगायचं. उत्तर इतकं उघड की एकट्याला बसवलं तर चूक जवळजवळ होतच नसे. पण खोलीतले बाकीचे सगळे आतून सामील, ठरवून चुकीचं सांगणारे. त्यांच्यापुढे, ज्याची परीक्षा चालली होती त्याची सुमारे एक तृतीयांश उत्तरं चुकली. मग ॲश यांनी खोलीत खरं बोलणारा एक सोबती बसवला, आणि चुका पाव हिश्शावर आल्या.

चित्रपटात बायकोची सुटका सुरू होते ती अशाच एका सोबत्यापासून. घरात आलेला पोलीस अधिकारी ज्योत मंद होताना स्वतः पाहतो, आणि तसं तिला सांगतो. ॲश यांचे प्रयोग व्हायचे होते तेव्हा.

पुढे १९७१ मध्ये व्हर्नन ॲलन आणि जॉन लेव्हिन यांनी मुद्दाम असा सोबती बसवला, ज्याच्या डोळ्यांवर जाडजूड भिंगांचा चष्मा होता आणि ज्याला नीट दिसत नाही हे सगळ्यांना कळत होतं. चांगल्या नजरेच्या सोबत्याइतका त्याचा उपयोग झाला नाही, पण घोळक्याचं वजन त्यानंही कमी केलं.